मेलिसूचे नाव

डब्लिनच्या ईशान्येला, समुद्राच्या काठाशी बॉलडॉइल नावाची वस्ती आहे. आज ती शहराचे उपनगर झाली आहे. बाराव्या शतकात ते तटाबाहेरचे शेतीचे गाव होते. आयरिश भाषेत या नावाचा अर्थ ‘काळ्या परक्याचे गाव’. हा परका म्हणजे उत्तरेच्या समुद्रातून आलेला आणि पुढे इथलाच झालेला व्हायकिंग. लेन्स्टर प्रांताचा राजा डिअरमिड मॅकमरो याने हे गाव डब्लिनच्या तटाबाहेर नव्याने वसलेल्या ऑल हॅलोज मठाला दान दिले. मठाच्या वतीने दान स्वीकारले लाउथचा बिशप एडन याने. तो राजाचा धर्मगुरू. राजा आपल्या पापांची कबुली त्याच्यापाशी देत असे. दानपत्र लॅटिनमध्ये आहे. त्यात आधी जमीन येते आणि जमिनीच्या पाठोपाठ तिथली माणसे येतात. माणसे म्हणजे मेलिसू मॅकफेलेकान, त्याचे मुलगे आणि त्याचे नातू.

शेत, कुरण किंवा ओढा एका धन्याकडून दुसऱ्याकडे जावा, तसे एक अख्खे घर तीन पिढ्यांसह मठाच्या मालकीत गेले. मेलिसू या नावाचा अर्थ ‘येशूचा सेवक’. त्याला दुसऱ्याच्या हवाली करताना ज्या लेखात त्याचे नाव आले, तेवढ्याच लेखामुळे तो आज आपल्याला ठाऊक आहे. मध्ययुगीन आयर्लंडच्या सनदा आणि मोहरा वाचायला घेतल्या की मला आधी हा माणूस आठवतो. राजे, बिशप आणि सरदार यांनी आपापला हक्क पक्का करण्यासाठी हे लेख लिहवून घेतले. त्यांच्या हक्काच्या ओळींत मात्र अशी कितीतरी माणसे नकळत येऊन बसली आहेत.

तारीख नसलेल्या लेखाची तारीख

या दानपत्रावर साल नाही. त्या काळच्या बहुतेक सनदांवर ते नसतेच. मग तो लेख कधीचा हे कसे ठरते? उत्तर साक्षीदारांच्या यादीत सापडते. या यादीत डब्लिनचा आर्चबिशप म्हणून लॉर्कन ओटूल आहे. तो त्या पदावर आला ११६२ मध्ये. दान देणारा डिअरमिड ११६६ च्या उन्हाळ्यात शत्रूंकडून हरला, राज्य सोडून समुद्रापार पळाला आणि मदतीसाठी इंग्लंडच्या राजाच्या दारात गेला. म्हणजे लेख या चार वर्षांतला. एक नाव खालची सीमा देते, दुसरे वरची. आयर्लंडच्या बाराव्या शतकाचा बराचसा कालक्रम अशाच नावांच्या जोडण्यांतून उभा राहिला आहे.

साक्षीदारांची यादी आणखीही बोलते. कोणाचे नाव आधी आले, कोणाचे नंतर, कोणता सामंत राजाजवळ उभा होता आणि कोणता त्या दिवशी आलाच नाही, यावरून त्या दरबारातली उतरंड कळते. वृत्तांतकार लढाया आणि मृत्यू टिपून ठेवतात; लढाया नसताना राज्य कसे चालत होते, ते सनद सांगते.

दानपत्रातली भाषाही नीट ऐकावी लागते. बॉलडॉइल राजाच्या ‘सरबराई’तून आणि ‘मोहिमे’तून मुक्त राहील, असे त्यात म्हटले आहे. शब्द लॅटिन आहेत, पण त्यांच्यामागची रीत अस्सल आयरिश. राजा आपल्या लवाजम्यासह फिरतीवर निघाला की वाटेतल्या घरांनी त्याला आणि त्याच्या माणसांना पोसायचे, आणि लढाईची हाक आली की पुरुषांनी हत्यार घेऊन निघायचे, हे तिथल्या रयतेवरचे दोन मोठे भार होते. युरोपभर चालणाऱ्या लॅटिन मसुद्याच्या साच्यात एका लेखनिकाने हे देशी भार बसवले. मेलिसूच्या घराला यापुढे राजाचा लवाजमा जेवू घालावा लागणार नव्हता. त्याचे कष्ट आता मठाच्या कोठारात जाणार होते.

मोहोर येण्याआधी

आयर्लंडमध्ये जमिनीचे लेख मोहरेबरोबर आले असे नाही. ते त्याआधीही होते. ‘बुक ऑफ केल्स’ हा शुभवर्तमानांचा चित्रमय ग्रंथ जगप्रसिद्ध आहे. त्याच्या मोकळ्या जागांत अकराव्या-बाराव्या शतकात कोणीतरी व्यवहाराच्या नोंदी उतरवून ठेवल्या आहेत, हे मात्र तो पाहणाऱ्या फार थोड्यांना माहीत असते. या नोंदी आयरिश भाषेत आहेत आणि केल्सच्या मठाला मिळालेल्या जमिनी व सवलती सांगतात.

त्यांतली एक नोंद अंगावर काटा आणते. मीथचा राजा कोनोर ओ मेलॉख्लिन याने आपल्याच एका नातलगाला, तो संत कोलंबाच्या मठाच्या अभयाखाली असताना, पकडले आणि त्याचे डोळे काढले. संताचे अभय मोडणे हे महापातक. त्याची भरपाई म्हणून राजाने किलडॉल्की नावाची जमीन कर, मोहीम आणि सरबराई यांतून मोकळी करून कोलंबाच्या नावाने कायमची दिली. इतिहासात राजघराण्यातली भाऊबंदकी एका ओळीत येते. इथे त्या भाऊबंदकीची किंमत जमिनीत मोजलेली दिसते.

या नोंदींना मोहोर नाही. त्यांचे बळ दोन गोष्टींत होते. एक म्हणजे जामीन. व्यवहार पाळला जाईल याची हमी देणाऱ्या धर्माधिकाऱ्यांची आणि सरदारांची नावे शेवटी दिलेली असत. वचन मोडले तर या माणसांची अब्रू जाणार होती. दुसरी गोष्ट म्हणजे ग्रंथाचे पावित्र्य. ज्या पोथीवर हात ठेवून शपथ घ्यायची, तिच्याच पानावर करार उतरवला तर तो खोडण्याचे धाडस कोण करील? केल्सच्या भिक्षूंनी साऱ्या युरोपात देखणी ठरलेली पोथी आपल्या जमिनींची नोंदवही केली. आज हा ग्रंथ डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे.

मेणाचा लगदा आणि अंगठ्याचा ठसा

बाराव्या शतकात आयर्लंडच्या चर्चमध्ये मोठी सुधारणा झाली. आर्माचा मॅलकी फ्रान्समध्ये क्लेर्व्होला जाऊन आला आणि ११४२ मध्ये मेलिफाँट इथे सिस्टर्शियन भिक्षूंचा पहिला मठ उभा राहिला. या भिक्षूंचे मठ अनेक देशांत पसरलेले होते. जमीन मिळाली की तिचा लॅटिन लेख हवा आणि त्याला लटकणारी मोहोर हवी, ही त्यांची रीत होती. आयरिश राजांनी ती उचलली. राजा मॉर्टॉ मॅकलॉख्लिन याने ११५७ च्या सुमारास न्यूरीच्या मठाला सनद दिली, तीत त्याने स्वतःला अखंड आयर्लंडचा राजा म्हणवले. सनद ही मठासाठी जमिनीचा कागद असते. राजासाठी ती आपले सर्वांत मोठे नाव जगापुढे मांडायची संधीही असते.

मोहोर उमटवायची कशी? पितळी किंवा चांदीच्या साच्यावर चित्र आणि भोवतीची अक्षरे उलटी कोरलेली असत. सनदेच्या तळाशी चर्मपत्र दुमडून त्यात चीर पाडायची, तिच्यातून कातड्याची पट्टी किंवा रेशमी दोरा ओवायचा, त्याभोवती राळ मिसळलेल्या मऊ मेणाचा लगदा बसवायचा आणि साचा दाबायचा. लाल, हिरवे किंवा नैसर्गिक पिवळसर मेण वापरत. सरदाराच्या मोहरेवर बहुधा घोड्यावर बसलेला, तलवार उगारलेला योद्धा असे. धर्माधिकाऱ्यांच्या आणि स्त्रियांच्या मोहरा दोन्ही टोकांना निमुळत्या, बदामाच्या आकाराच्या असत. साचा चोरला गेला तर कोणीही त्या माणसाच्या नावाने जमीन देऊन टाकू शकला असता. म्हणून मालक मेल्यावर साचा फोडण्याची किंवा चिरडण्याची प्रथा होती.

मध्ययुगीन मोहरांच्या पाठीवर कधी कधी बोटांचे ठसे दिसतात. लगदा दाबताना उमटलेले. पुढच्या बाजूला घोडेस्वार सरदार, त्याचे नाव, त्याची पदवी. मागच्या बाजूला मेण तापवणाऱ्या कुठल्याशा कारकुनाचा अंगठा. अधिकार कोणाचा आणि हात कोणाचा, दोन्हीची साक्ष एकाच मेणाच्या चकतीवर.

दोन पक्षांचा करार असेल तर एकाच चर्मपत्रावर तोच मजकूर दोनदा लिहीत, मध्ये मोठ्या अक्षरांत एखादा शब्द लिहीत आणि त्या शब्दातूनच नागमोडी रेषेत पत्र कापत. पुढे वाद झाला की दोन तुकडे शेजारी ठेवायचे. कड जुळली आणि तुटलेली अक्षरे पुन्हा जोडली गेली तर करार खरा. एक प्रत जळाली किंवा हरवली तरी दुसरी दुसऱ्याच्या पेटीत सुरक्षित राहायची. ही गोष्ट आयर्लंडच्या बाबतीत किती मोलाची ठरणार होती, हे कापणाऱ्याला माहीत नव्हते.

डिअरमिड मॅकमरोची एक सनद मूळ स्वरूपात वाचली आहे. ती किलेनीच्या सिस्टर्शियन मठासाठी होती. जमीन देणारा होता स्थानिक राजा डिअरमिड ओरायन. त्याच्यावरचा राजा म्हणून मॅकमरोने त्या दानाला संमती दिली. खालचा राजा देतो आणि वरचा मान्य करतो, अशी सत्तेची जोडउतरंड एका पानात दिसते. ही सनद वाचली कशी, ते पाहण्यासारखे आहे. किलेनीचा मठ लहान पडला म्हणून १२२७ मध्ये तो जवळच्या डुइस्क मठात विलीन झाला. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले, तेव्हा डुइस्कची जमीन बटलर घराण्याच्या ऑर्मंडच्या अर्लकडे गेली आणि जमिनीसोबत तिचे कागदही गेले. जमीन जिथे जाते तिथे दप्तर जाते. किल्केनीच्या किल्ल्यात शतकानुशतके पडून राहिलेल्या या दप्तराची सहा खंडांची सूची एडमंड कर्टिस यांनी १९३२ ते १९४३ या काळात प्रसिद्ध केली. आता ते आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

लटकत्या मोहरांची पत्रे

डिअरमिडने मागितलेली मदत आली. ऑगस्ट ११७० मध्ये रिचर्ड द क्लेर, ज्याला पुढे स्ट्राँगबो म्हणू लागले, वॉटरफर्डला उतरला, डिअरमिडच्या आयफा या मुलीशी त्याचे लग्न झाले आणि लेन्स्टरचा वारसा त्याच्याकडे जाणार हे ठरले. आपलाच सरदार समुद्रापलीकडे स्वतंत्र राज्य थाटील, या धास्तीने इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री स्वतः १७ ऑक्टोबर ११७१ रोजी फौज घेऊन आयर्लंडच्या किनाऱ्याला लागला.

हाउडनचा रॉजर हा इंग्रज इतिहासकार सांगतो की, आयर्लंडच्या बिशपांनी राजाला निष्ठेची पत्रे दिली आणि त्या पत्रांना सनदेप्रमाणे मोहरा लटकत होत्या. हा तपशील त्याने मुद्दाम नोंदवला. तोंडी शपथ नाकारता येते. मोहोर लावलेले पत्र नाकारणे अवघड. त्या पत्रांतला मजकूर रोमला कळवला गेला आणि ११७२ च्या सप्टेंबरात पोप तिसरा अलेक्झांडर याने हेन्रीच्या बाजूने तीन पत्रे पाठवली. ज्या मोहरा सुधारणेच्या लाटेबरोबर, मठांच्या भल्यासाठी आयर्लंडमध्ये आल्या होत्या, त्यांनीच एका परक्या राजाच्या सत्तेवर शिक्कामोर्तब केले.

याच काळातला सर्वांत वादग्रस्त लेख म्हणजे ‘लाउडाबिलिटर’. आयर्लंडमध्ये जाण्यास हेन्रीला पोप चौथा एड्रियन याने ११५५ मध्ये परवानगी दिली, असे तो सांगतो. त्याची मोहोरबंद मूळ प्रत कुठेही नाही. मजकूर मिळतो तो वेल्सच्या जेराल्डच्या पुस्तकात, आणि जेराल्ड तर जिंकणाऱ्यांच्या घराण्यातला. सॅल्सबरीचा जॉन मात्र ११५९ मध्येच लिहून ठेवतो की, पोपने आपल्या हाती हेन्रीसाठी पाचूची अंगठी पाठवली होती. परवानगीची गोष्ट खरी, पण जेराल्डने दिलेला मजकूर जसाच्या तसा आहे का, यावर इतिहासकार अजूनही भांडतात. मेणाची एक चकती शिल्लक असती तर हा वाद इतका लांबला नसता.

दुसऱ्या हेन्रीने ११७१-७२ च्या हिवाळ्यात डब्लिनमध्ये मुक्काम केला आणि तिथूनच एक सनद दिली. ती आजही डब्लिन शहराच्या दप्तरखान्यात आहे आणि आकाराने पोस्टकार्डापेक्षा थोडीच मोठी आहे. तिच्यात राजा आपले डब्लिन शहर ब्रिस्टलच्या आपल्या माणसांना वसवायला देतो. काही ओळी, मग साक्षीदार, मग ‘डब्लिन येथे’. शहर रिकामे नव्हते. तिथे तीनशे वर्षांपासून राहणारे नॉर्स वंशाचे लोक होते, त्यांची घरे होती, चर्चे होती. सनद त्यांच्याबद्दल मूक आहे. पुढे त्यांची वस्ती लिफी नदीच्या उत्तरेला आढळते आणि तो भाग ऑक्समनटाउन म्हणून ओळखला गेला. नॉर्स लोकांना दिलेल्या ‘ओस्टमन’ या नावावरून. सनदेत जे लिहिलेले नाही, ते रस्त्यांच्या नावांत उरते.

या चिमुकल्या पत्रापासून १७२७ पर्यंत डब्लिनला १०२ सनदा मिळाल्या. ११९२ च्या सनदेने शहराची हद्द आणि नागरिकांचे हक्क ठरवले, १२२९ च्या सनदेने महापौर निवडायचा अधिकार दिला. त्याच काळात शहराने स्वतःची दुहेरी मोहोर घडवली. एका बाजूला वेशीवर तीन बुरूज, त्यांवर नेम धरलेले धनुर्धर आणि धोक्याचे शिंग फुंकणारे पहारेकरी. दुसऱ्या बाजूला समुद्रावरचे जहाज. तटाबाहेर शत्रू आणि जहाजात व्यापार, हे त्या नागरिकांचे स्वतःचे चित्र होते. डब्लिनच्या मानचिन्हातले तीन किल्ले याच तीन बुरुजांतून आले.

वॉटरफर्डने तर सनदांचा युक्तिवादच रंगवून घेतला. शेजारच्या न्यू रॉसशी त्याचे भांडण होते: खाडीत येणाऱ्या जहाजांनी माल कुठे उतरवायचा? १३७३ च्या सुमारास शहराने आपल्या बाजूच्या सनदांच्या नकला एकत्र शिवल्या, त्यांत राजांची आणि महापौरांची रंगीत चित्रे काढली आणि चार मीटरहून लांब असा पट तयार केला. हक्क सिद्ध करायला जमवलेला तो पुरावा आज वॉटरफर्डच्या संग्रहालयात मध्ययुगीन आयर्लंडमधल्या पोशाखांचे आणि चेहऱ्यांचे दुर्मीळ चित्रदालन होऊन राहिला आहे.

इंग्रजी दप्तरात नसलेले राजे

इंग्रज सरकारचे कागद वाचले तर तेराव्या शतकानंतर आयरिश राजे जणू नाहीसेच होतात. उरतात फक्त बंडखोर, टोळीचे मुखिये, ‘राजाचे शत्रू’. मोहरा मात्र वेगळे सांगतात. चौदाव्या शतकाच्या मध्यावर अल्स्टरमध्ये सत्ता गाजवणाऱ्या आओध ओनीलच्या मोहरेवर ढालीत उघडा पंजा आहे आणि भोवती लॅटिनमध्ये कोरले आहे की, हा अल्स्टरच्या आयरिश लोकांचा राजा. पदवी जपून निवडलेली आहे. तो सगळ्या अल्स्टरवर दावा करत नाही, पण आपल्या माणसांवरचे राजेपण सोडतही नाही. अल्स्टरची खूण म्हणून पुढे सर्वत्र दिसणारा लाल पंजा इथे एका घराण्याच्या मोहरेवर आधीच उमटलेला आहे.

लेन्स्टरमध्येही हेच. डिअरमिड मॅकमरोनंतर तीनशे वर्षांनी, १४७५ मध्ये, त्याच घराण्यातल्या डोनल मॅकमरोने डुइस्कच्या मठाला सनद दिली. हा तोच मठ, ज्याच्या पेटीत डिअरमिडची किलेनीची सनद जपलेली होती. डोनलने सनदेत आणि मोहरेवर स्वतःला लेन्स्टरचा राजा म्हटले. डब्लिनच्या सरकारी वह्यांनी ही पदवी कधीच मान्य केली नव्हती. मठाने ती बिनतक्रार घेतली, कारण त्या डोंगरदऱ्यांत रक्षण करणारा हात कोणाचा आहे हे भिक्षूंना ठाऊक होते.

चारशे वर्षांपूर्वीची सनद माणसांवर कशी उलटू शकते, हे १६३५ मध्ये कनॉटने पाहिले. तिसऱ्या हेन्रीने १२२७ मध्ये रिचर्ड द बर्ग याला कनॉट दिला होता. ते दान वारसाहक्काने फिरत फिरत अखेर इंग्लंडच्या राजघराण्यात पोहोचले, म्हणून अख्खा प्रांत राजाचा, असा दावा आयर्लंडचा कारभारी थॉमस वेंटवर्थ याने मांडला. पिढ्यान्‌पिढ्या तिथे कसणाऱ्या घराण्यांच्या जमिनी त्याला नव्या वसाहतीसाठी हव्या होत्या. रॉसकॉमन, मेयो आणि स्लायगोच्या पंचांनी मान तुकवली. गॉलवेच्या पंचांनी नकार दिला, तेव्हा प्रत्येकाला ४,००० पौंडांचा दंड ठोठावला गेला. मेण वाळले की सनद संपत नाही. तिच्या मागे सत्ता उभी राहिली की ती पुन्हा जिवंत होते. म्हणूनच जुने कागद कोणाच्या ताब्यात आहेत, हा प्रश्न आयर्लंडमध्ये कधीच निव्वळ अभ्यासकांचा नव्हता.

३० जून १९२२

आयर्लंडच्या दप्तराने आगी पूर्वीही सोसल्या होत्या. १३०४ मध्ये डब्लिनच्या सेंट मेरीज मठात आग लागली आणि तिथे ठेवलेल्या चान्सरीच्या, म्हणजे राजमुद्रेच्या कचेरीच्या, त्याआधीच्या गुंडाळ्या जळाल्या. तरी त्यानंतरच्या सहा शतकांत पुष्कळ साठले. १८६७ च्या कायद्याने सार्वजनिक अभिलेख कार्यालय स्थापन झाले आणि लिफीकाठच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारात सगळे एकत्र आणले गेले. उद्देश चांगला होता. विखुरलेले, ओल लागलेले कागद एका सुरक्षित छपराखाली यावेत. तिथल्या अधिकाऱ्यांपैकी हर्बर्ट वुड यांनी १९१९ मध्ये या भांडाराची मार्गदर्शिका छापली.

तीन वर्षांनी यादवी युद्ध पेटले. इंग्लंडशी झालेल्या कराराला विरोध करणाऱ्या सैनिकांनी १९२२ च्या एप्रिलमध्ये फोर कोर्ट्स ताब्यात घेतले होते आणि अभिलेखांच्या इमारतीत दारूगोळा साठवला होता. २८ जूनला नव्या सरकारच्या तोफा सुरू झाल्या. ३० जूनला दुपारी प्रचंड स्फोट झाला आणि सातशे वर्षांचे दप्तर धुराच्या लोटाबरोबर वर गेले. जळक्या कागदांचे तुकडे शहरभर पडत राहिले. मोहरांचे काय झाले असेल, ते सांगायला नको. चर्मपत्र आगीत आक्रसते, काळे पडते, पण कधी कधी वाचता येण्याजोगे उरते. मेण वितळून जाते.

एकत्र ठेवले म्हणून ते एकाच दुपारी गेले. जे वाचले ते विखुरलेले होते म्हणून वाचले. डब्लिन शहराने आपल्या सनदा सरकारी भांडारात दिल्या नव्हत्या, म्हणून हेन्रीचे ते चिमुकले पत्र आहे. बटलर घराण्याने आपले दप्तर किल्केनीत ठेवले होते, म्हणून किलेनीची सनद आहे. वेस्टमिन्स्टरच्या वह्यांत नकला उतरल्या होत्या, म्हणून कितीतरी हुकूम लंडनमध्ये सापडतात. क्राइस्ट चर्च कॅथेड्रलची मूळ दानपत्रे मात्र त्या आगीत गेली. पण अभिलेख कार्यालयातल्या मॅकेनेरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रत्येक दानपत्राचा सारांश काढून सरकारी अहवालांच्या परिशिष्टांत छापला होता. कचेरीतल्या नेहमीच्या कामाचा भाग म्हणून, कौतुकाची अपेक्षा न ठेवता केलेले ते टिपण आज मूळ पत्रांच्या जागी उभे आहे.

त्या टिपणांतून, नकलांतून आणि जुन्या अभ्यासकांच्या वह्यांतून पुन्हा उभारणी चालू आहे. ट्रिनिटी कॉलेजमध्ये मध्ययुगीन चान्सरीच्या २०,००० हून अधिक पत्रांचा मागोवा घेऊन त्यांचे सार २०१२ मध्ये सर्वांसाठी खुले केले गेले. स्फोटाला शंभर वर्षे होत असताना, जून २०२२ मध्ये, ७० हून अधिक संस्थांच्या साहाय्याने जळालेल्या भांडाराचे आभासी रूप इंटरनेटवर उघडले. वुड यांच्या मार्गदर्शिकेतले कप्पे तिथे पुन्हा रचले गेले आहेत, आणि जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात एखादी नक्कल सापडली की ती आपल्या जागी ठेवली जाते. ढिगाऱ्यातून वेचलेली, जळक्या कडांची तीनशेहून अधिक पुडकी राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवली होती; शंभर वर्षांनी संवर्धक ती एकेक करून उलगडत आहेत.

बॉलडॉइलचे दानपत्रही नकलेनेच वाचवले. मूळ पत्र आणि त्याची मोहोर केव्हाच गेली. पण ऑल हॅलोजच्या भिक्षूंनी ते आपल्या नोंदवहीत उतरवून घेतले होते. १५३४ च्या बंडात डब्लिनने वेढा सोसला, त्याचे बक्षीस म्हणून मोडीत निघालेला मठ आणि त्याची जमीन शहराला मिळाली. १५९२ मध्ये शहराने मठाची जागा नव्या विद्यापीठाला दिली. ट्रिनिटी कॉलेज आज त्याच जागेवर आहे. नोंदवही १८४५ मध्ये रिचर्ड बटलर यांनी छापली. भिक्षूंनी नक्कल केली ती जमिनीसाठी, शहराने जपली तीही जमिनीसाठी. त्यांपैकी कोणालाही मेलिसूशी कर्तव्य नव्हते.

डिअरमिडला त्याचे नाव घालावे लागले, कारण कोणते घर दिले हे नावाशिवाय कळले नसते. प्रत्येक नकलाकाराने ते तसेच ठेवले, कारण सनदेतला एक शब्द गाळला तरी हक्काला बाध येतो. राजाचे राज्य गेले, मठ गेला, मोहोर गेली. हक्कासाठी दाखवलेल्या या काटेकोरपणाच्या आधाराने बॉलडॉइलचा एक शेतकरी, त्याचे मुलगे आणि नातू मात्र साडेआठशे वर्षे चालत आपल्यापर्यंत आले. सनद ज्याच्यासाठी लिहिली त्याचा हक्क केव्हाच संपला. ज्याला तिने देऊन टाकले, त्याचे नाव वाचायचे काम आता आपले आहे.